आनंदीबाई आणि रघुनाथरावांची पेशवाई

नवऱ्याच्या महत्त्वाकांक्षेचे खापर पेशवाईत ज्यांच्या माथी सर्वाधिक फुटले, त्या आनंदीबाई. गुहागरच्या ओक घराण्यातील आनंदीबाईंचे लग्न 1756 मध्ये रघुनाथरावांशी झाले. त्या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. 1761 मध्ये रघुनाथरावांचे थोरले भाऊ नानासाहेब पेशवे वारले आणि नानासाहेबांचे सोळा वर्षांचे चिरंजीव माधवराव पेशवे झाले. उत्तर हिंदुस्थान गाजवून आलेल्या चुलत्याला पुतण्याच्या हाताखाली राहणे मानवले नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी निजामाच्या मदतीने माधवरावांना आळेगावला नमवले. लग्नाला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. पेशवेपदाची हाव बायकोनेच भरवली, असे म्हणायला ही सनावळीच आड येते. पुढे 1768 मध्ये धोडपला माधवरावांकडून पराभव झाल्यावर रघुनाथराव शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले.

माधवरावांनंतर पेशवे झालेल्या त्यांच्या धाकट्या भावाला, नारायणरावांना, 30 ऑगस्ट 1773 रोजी गारद्यांनी वाड्यातच कापून काढले. रघुनाथरावांच्या हुकुमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, ही गोष्ट तेव्हापासून मराठी मुलखात घरोघरी सांगितली जाते. तिला कागदाचा पक्का आधार नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष दिला तो रघुनाथरावांना. बाईचा हात दाखवला की चुलत्याचे पाप हलके होते, म्हणूनही ही कथा टिकली असावी. आनंदीबाई अगदी अलिप्त होत्या, असा याचा अर्थ नव्हे. नवऱ्याची कैद त्यांनी जवळून पाहिली होती आणि रघुनाथरावांची पेशवाई त्यांनाही हवीच असणार.

नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथरावांना मिळालेली पेशवाई काही महिनेच टिकली. नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांच्या नावाने बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, कारभार हाती घेतला. एप्रिल 1774 मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि रघुनाथरावांच्या हक्काचा पायाच खचला. ते इंग्रजांच्या आसऱ्याला निघाले, तेव्हा आनंदीबाई मागे धारच्या किल्ल्यात राहिल्या. तिथे 10 जानेवारी 1775 रोजी दुसरे बाजीराव जन्मले. दोनच महिन्यांत रघुनाथरावांनी सुरतेचा तह करून साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. यातून पेटलेले युद्ध 1782 च्या सालबाईच्या तहाने मिटले. त्यात रघुनाथरावांच्या वाट्याला फक्त तनखा आला. पुढच्याच वर्षी ते कोपरगावला वारले.

आनंदीबाईंच्या प्रभावाचा खरा भाग बहुधा यानंतरचा. नवऱ्याच्या मृत्यूनंतर जन्मलेले चिमाजी आणि त्यांचे थोरले भाऊ दुसरे बाजीराव पुणे दरबाराच्या नजरेखाली त्यांच्याजवळ वाढले. पेशवेपद आपल्या घराचे, हा समज मुलांना मिळाला असावा तो याच घरात. अखेरच्या काळात त्या नाशिकजवळच्या आनंदवल्लीला होत्या; तिथेच 1794 मध्ये वारल्या. सवाई माधवराव 1795 मध्ये निपुत्रिक मरण पावले आणि 1796 च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली.