शिकागोने फुटबॉल का सोडला?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचं (हा अंडाकृती चेंडूचा, आपला नव्हे) वेड प्रचंड. पण तिथलंही मोठेपण कायमचं नसतं. शिकागो विद्यापीठाचंच बघा. १८९२ पासून चाळीस वर्षं ॲमॉस अलोन्झो स्टॅग प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने 'बिग टेन' गटाचं विजेतेपद सात वेळा मिळवलं. आज हाइझमन नावाने ओळखली जाणारी ट्रॉफी १९३५ मध्ये पहिल्यांदा दिली गेली, तीही इथल्याच जे बरवँगरला.

आणि १९३९ मध्ये मिशिगनने ८५-० असा धुव्वा उडवला! बाकीची विद्यापीठं खेळाडू मिळवायला पैसा ओतत होती. शिकागोचे अध्यक्ष हचिन्स यांना ते मान्य नव्हतं. त्याच वर्षअखेर संघच बंद झाला. ओस पडलेल्या स्टेडियमच्या गॅलरीखाली २ डिसेंबर १९४२ ला फर्मींनी अणूची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवली.

मिशिगनने खेळ आणि अभ्यास दोन्ही सांभाळलं, हेही खरं. तरी मला वाटतं, शिकागो नुसतं हरलं नाही; कशासाठी किती किंमत मोजायची, हे त्याने ठरवलं. तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं?