शब्दवेध : बार्बेक्यू

पन्हाळ्याच्या वाटेवर शनिवार-रविवारच्या मुक्कामाच्या पाट्या वाढल्यात आणि तंबूच्या जोडीला ‘बार्बेक्यू’ हटकून असतो. कुठे बारबेक्यू, कुठे बार्बिक्यू. गंमत म्हणजे या शब्दाला मुळात चवच नाही. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक काठ्यांच्या उंच माचीला ‘बार्बाकोआ’ म्हणत. तिच्यावर मांस-मासे शेकत, धुरी देत; वेळ पडली तर झोपतही. स्पॅनिशांनी शब्द उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी. विल्यम डॅम्पियर या दर्यावर्दीच्या १६९७च्या प्रवासवर्णनात तर ती रात्री पाठ टेकायची, तीनेक फूट उंच माचीच आहे. पुढे माचीवरचं मांस, ते भाजणं आणि अखेर अख्खी मेजवानीच बार्बेक्यू झाली.

सळईवरचं मांस आपल्याला नवं नाही. संस्कृतात ते ‘शूल्य’ किंवा ‘भटित्र’. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त निखाऱ्यावरचं ‘भडित्रक’ आहे. आपले शिलाहार त्या चालुक्यांचेच मांडलिक. तेव्हा तो वास कोल्हापूरपर्यंत आला असणार, असं मानायला मला आवडतं.

मराठीत ते शब्द रुळले नाहीत. रुळला तो रस्सा, आणि कोल्हापुरात तो नुसता पातेल्यात मावत नाही. दोस्तांनी वर्गणी काढून मळ्यात चूल मांडली की झालं ‘रस्सा मंडळ’. हल्ली तिथं मटण रटरटत असताना शेजारी जाळीही तापते. ‘बार्बेक्यू लावलाय’ म्हणजे शेगडी, ‘बार्बेक्यू संपला’ म्हणजे तुकडे, ‘शनिवारी बार्बेक्यू हाय’ म्हणजे बेत. रस्सा मात्र लागतोच.