हाली नोट आणि ट्रॅक्टरची नोट

लोणार तालुक्यातलं बीबी हे आमचं गाव. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा चुलतभाऊ पाच रुपयांची जुनी, ट्रॅक्टर छापलेली नोट हातात घेऊन बसला होता. फोनवरचा कुणी माणूस तिचे ५ लाख रुपये देणार होता. आधी फक्त ३,५०० रुपये 'नोंदणी फी' भरायची. सोयाबीनचे पैसे नुकतेच घरात आले होते.

म्हटलं, "दादा, पैसे भरू नको. आधी आजोबांची ट्रंक काढ."

ट्रंकेत जुन्या कागदांच्या घडीतून हैदराबाद संस्थानाची, उर्दू मजकुराची दहा रुपयांची नोट निघाली. मधोमध दुमडलेली. दादाच्या लेखी ती रद्दी!

ही नोट बीबीत कशी? १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, म्हणून इकडे कलदार रुपया. जालना मात्र मोगलाईत. तिथं निजामाचा हाली रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब. आजोबा जालन्याच्या बाजाराला जात. निजाम सरकारनं १९१८ च्या कायद्यानं नोटा काढल्या. पुढे त्या आपल्या नाशिकलाच छापल्या जाऊ लागल्या. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि पुढच्या दशकात हाली चलन संपलं.

पण मंडळी, नुसत्या वयानं नोट मोलाची होत नाही. ती किती उरल्यात, किती कोरी आहे आणि तिची हकिगत काय, हे संग्राहक पाहतात. १९२२ मध्ये 'इजिप्त' नावाची बोट फ्रान्सजवळ बुडाली. तिच्यावर निजामाच्या कोऱ्या नोटा होत्या. दहा वर्षांनी पाणबुड्यांनी सोन्याबरोबर त्यातल्या काही वर काढल्या. आज संग्राहक त्या हौसेनं शोधतात. ट्रॅक्टरच्या नोटा मात्र कोट्यवधी छापल्या गेल्या; वापरलेल्या नोटेचे पाच रुपयेच. जुन्या नोटांच्या व्यवहारासाठी आपण कसलीही फी घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर बजावलं आहे.

दादानं विचारलं, "मग हिचे किती येतील?"

लाख नक्कीच नाहीत. मधल्या घडीनं किंमत उतरते. पण ती घडी आजोबांच्या कनवटीची. दादानं नोट पुन्हा कागदात ठेवली आणि वाजणारा फोन उचलला नाही.