सूर्योदय-सूर्यास्ताचे रंग व हवेचे प्रदूषण
सूर्य क्षितिजाशी असताना त्याचे किरण माथ्यावरच्या सूर्यापेक्षा सु. ३८ पट अधिक हवेतून येतात. वाटेत हवेचे रेणू निळा प्रकाश विखुरतात, तांबडा-नारिंगी उरतो. लालीसाठी धूर लागत नाही. प्रदूषणाने सूर्यास्त खुलतो, हा समज बव्हंशी चुकीचा. धूर-धुळीचे मोठे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून आकाश मळकट होते. मुंबईत जानेवारीच्या धुरक्यात सूर्याची तांबूस थाळी समुद्राला टेकण्याआधीच विरते. पावसाची सर ओसरल्यावर तेच आकाश झळाळते. क्राकाटोआ ज्वालामुखीची (१८८३) गोष्ट निराळी : स्थितांबरात पोचलेल्या गंधकाम्लाच्या बारीक थेंबांनी जगभर संध्याकाळ इतकी पेटली, की न्यूयॉर्क राज्यात आग समजून बंब धावले.