ओवीखाली नाव कुणाचं?

आज हप्ते, व्याज, बँकेची फेरी यातलं काही बोलायचं नाही. आज ओवीबद्दल बोलू या.

आमच्या गटाच्या बैठकीत हिशेब संपला की चहा उकळेपर्यंत म्हाताऱ्या बाया ओव्या म्हणतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्या ओव्या जुन्या बचत रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर उतरवून घ्यायला लागलो. पाच जणींच्या मिळून शंभरेक ओव्या झाल्या. त्यातली एक आजी गेल्या वर्षी वारली. दहावा झाल्यावर तिची लेक आमच्याकडे आली, म्हणाली, "आईच्या ओव्या तेवढ्या मला लिहून द्या." आम्ही रजिस्टर उघडलं. ओव्या होत्या, पण कुठली कुणाची ते लिहिलंच नव्हतं. त्याच रजिस्टरच्या पुढच्या पानांवर पन्नास रुपयांच्या बचतीसमोरही नाव आहे, अंगठा आहे. मागच्या पानांवर एकही नाव नाही. लेक तशीच परत गेली.

तेव्हापासून ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, जाणत्यांना विचारलं. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

ओवी म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते. ज्ञानेश्वरांनी नेवाश्याला नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगितल्या, ते साल 1290. पण ओवी त्याच्याही आधीची आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला, 1129 च्या सुमारास. त्यात गाण्याबजावण्याबद्दल लिहिताना तो सांगतो की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षं आधी आपल्या कुणीतरी आज्या-पणज्या मुसळाच्या ठेक्यावर ओव्या म्हणत होत्या, आणि त्या राजाच्या कानावर गेल्या होत्या. पुढं ओवी ग्रंथात गेली, देवळात गेली, पारायणाला बसली. आम्हाला तर वाटतं, आधी ती उखळाशी आणि जात्याशीच होती. राजानं बायकांची नोंद केली, पण नाव एकीचंही नाही.

मग नाव राहिलं कुणाचं? जिनं अभंग केला तिचं. अभंगाच्या शेवटी संत आपलं नाव घालतात, त्याला नाममुद्रा म्हणतात. आपल्या सही-अंगठ्यासारखीच समजा. जनाबाई मूळची गंगाखेडची, गोदावरीकाठची. लहानपणी पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, शेणी, पाणी, सगळं तिच्याकडे. तिच्या अभंगात विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं म्हणून अजून दाखवतात, आपल्यातल्या कित्येकींनी तिथं हात लावून खुंटा फिरवलेला आहे. जनाबाईनं सही करताना स्वतःला नामदेवाची जनी म्हटलं, दासी म्हटलं. कुणाला वाटेल, हे काय, मालकाचं नाव पुढं! पण त्या सहीमुळेच सातशे वर्षांनी घरकाम करणाऱ्या एका बाईचं नाव आपल्याला ठाऊक आहे. तिच्या नावावरचे सगळेच अभंग तिचे नसावेत, असं अभ्यासक म्हणतात. मागून कुणी आपले अभंग तिच्या नावानं म्हटले असतील, तर तेही तिच्या नावाचं वजनच म्हणायचं.

सोयराबाईबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. ती मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची बायको. अभंगाच्या शेवटी स्वतःला चोखोबाची महारी म्हणवून घेते, जात लपवत नाही. तिचे साठेक अभंग आज मिळतात. एकात ती विटाळाबद्दल विचारते. विटाळ देहाचाच म्हणता, तर देह आला कुठून? त्या विटाळाशिवाय जन्मलेला एक तरी माणूस दाखवा. चौदाव्या शतकातली बाई हे विचारते आहे! आम्ही हा अभंग बैठकीत समजावून सांगितला, तेव्हा पाळीच्या दिवसांत सप्त्याच्या मांडवाबाहेर बसणाऱ्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी काही बोललं नाही. चहा मात्र थंड झाला.

चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, महाद्वारासमोर समाधी बांधली. समाधी दाराबाहेर. आत कीर्तनात चोखोबांचे अभंग टाळ-मृदंगावर गायले जात होते, आणि त्यांच्या जातीच्या लोकांना मात्र दाराच्या आत पाऊल ठेवता येत नव्हतं. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठं ते दार उघडलं. मधे सहाशे वर्षं गेली. म्हणून गाण्यानं सगळं बदलतं असं आम्ही म्हणणार नाही. पण गाणं नसतं, तर ती सहाशे वर्षं कुणाच्या लक्षातही राहिली नसती.

आता जात्याकडे येऊ. जात्यावरच्या ओवीला नाममुद्रा नसते. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एकीनं म्हटलं की दुसरी उचलायची. सुरुवात देवाच्या नावानं, मग आईबाप, भाऊ, लेक, सासुरवास, पंढरीची वाट. विठ्ठलापाशी जे बोलायचं ते आणि सासूला जे बोलता येत नाही ते, दोन्ही त्याच दळणात. ओवी सगळ्यांची होती, म्हणून नाव कुणाचंच नाही. त्या काळी त्याची गरजही नव्हती, कारण उद्या पहाटे पुन्हा दळायचंच होतं. गावात पिठाची गिरण आली आणि हाताचे फोड गेले. गिरणीला आम्ही नावं ठेवणार नाही, जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा पायली ज्वारी दळून बघावी! पण दळण गेलं तशी ओवी म्हणायची वेळही गेली.

हे वेळेत ओळखलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी. पुणे जिल्ह्यात मुळशीसारख्या डोंगरी भागात गरीब बायकांमध्ये काम करता करता त्यांनी ओव्या जमवल्या. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या येत आहेत, काही तर बायकांच्या आवाजातच ऐकता येतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या आम्ही मोबाईलवर ऐकल्या. त्यात विठ्ठलाच्या जागी बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत. 1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली, देव्हारा बदलला, पण चाल जात्याचीच राहिली. आणि एक गोष्ट आम्ही मुद्दाम पाहिली: तिथं प्रत्येक ओवीसोबत गाणारणीचं नाव आहे, गाव आहे.

मग आम्हीही नवी वही केली. रकाने आखले: ओवी, गाणारणीचं नाव, तारीख. उरलेल्या चौघींना पुन्हा म्हणायला बसवलं. गेलेल्या आजीच्या ओव्या त्यांनीच ओळखून दिल्या, पंचवीस निघाल्या, आणि त्या आम्ही तिच्या लेकीला पोचवल्या. पण एका आजीनं आपलं नाव लिहू दिलं नाही. म्हणाली, "माझी कुठली गं ओवी? आमच्या आत्याबाईंची ती. त्यांच्यासमोर बसून शिकले." आत्याबाई म्हणजे तिची सासू. आम्ही चौथा रकाना आखला, 'कुणाकडून शिकली', आणि सासूचं नाव विचारलं.

आजी गप्प झाली. बराच वेळ आठवत राहिली. "आत्याबाईच म्हणायचो आम्ही. बाकीचे पाटलाची म्हातारी म्हणायचे." तीस वर्षं एका जात्यावर समोरासमोर बसल्या होत्या दोघी. पुढच्या बैठकीला आजी नातवाला घेऊन आली. त्यानं तलाठ्याकडून जुन्या फेरफाराची नक्कल काढली होती, घडी घालून खिशात ठेवलेली. वारसांच्या यादीत सगळ्यात खाली नाव होतं: भागीरथी. आजीनं ते आमच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "लिहा आता."

चौथ्या रकान्यात अजून अकरा जागा रिकाम्या आहेत. येत्या गुरुवारी बैठक आहे, तेव्हा त्यातल्या काही भरून घेऊ.