मुंबईतली पागडीची खोली आणि बदलता मोहल्ला : दाभोळच्या घरांनी काय समजून घ्यावं

दाभोळच्या बऱ्याच घरांचा एक पाय मुंबईत असतो. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट दाभोळ बंदराला लागायची, तेव्हापासूनचं हे नातं आहे. आजोबा जहाजावर खलाशी किंवा गोदीत कामाला, आणि टेकायला डोंगरी, भेंडी बाजार नाहीतर माझगावला एक खोली. गावचा पेशंट जे.जे.ला न्यायचा, मुलीला कॉलेजला घालायचं, आखाती देशात जाण्याआधी व्हिसासाठी थांबायचं, सगळं त्या खोलीच्या भरवशावर. आता त्याच खोलीसाठी बिल्डरची माणसं सह्या मागतात, आणि पालकसभेनंतर लोक आम्हाला विचारतात : सही करायची का?

हा बदल काय आहे?

जुन्या, कमी भाड्याच्या वस्तीत पैसेवाले येतात, जागेचे भाव चढतात आणि आधीची माणसं हळूहळू बाहेर पडतात. याला जेंट्रिफिकेशन म्हणतात. हा शब्द समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दल वापरला.

मुंबईत याचं मूळ भाड्याच्या कायद्यात आहे. १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ रकमाच एवढ्या लहान की मालकाला दुरुस्ती परवडत नाही. इमारत खचत गेली, खालची जमीन मात्र सोन्याची झाली. बिल्डरचा नफा याच फरकातून येतो. खचणं किती जीवघेणं असतं ते ३१ ऑगस्ट २०१७ ला दिसलं. पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. म्हणून पुनर्विकास नकोच, असं आम्ही म्हणत नाही.

गिरणगाव आणि भेंडी बाजार

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक भाग शहराला, एक म्हाडाला आणि एक मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती केली आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. लोअर परळला मॉल आणि टॉवर आले. गिरणी कामगारांवर चालणाऱ्या खानावळींचं गिऱ्हाईक गेलं.

भेंडी बाजारात वेगळा रस्ता धरला गेला. २००९ पासून सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने सुमारे १६.५ एकरांवर २५० च्या आसपास इमारतींचा एकत्र पुनर्विकास हाती घेतला. सुमारे ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं त्याच जागी वसवायची, आणि भाडेकरूला मालकीचं घर द्यायचं, अशी योजना आहे. काम मात्र टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षं चालतं. तोवर घर दुसरीकडे.

फायदा कोणाला, तोटा कोणाला?

जमीनमालकाला आणि बिल्डरला फायदा होतोच. कागद पक्के असलेल्या भाडेकरूलाही होतो. उपकरप्राप्त इमारतीत त्याला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. पण १३ जून १९९६ नंतर तयार केलेली नवीन भाडेकरी हिशोबात धरली जात नाही. भाडेकरूच्या खोलीत पोटभाड्याने राहणारा, रात्री दुकानात झोपणारा कारागीर, जिन्याखालचा चहावाला, घरून डबे देणारी बाई, यांचं नाव यादीत सहसा नसतं.

घर मिळालेल्यालाही खर्च वाढतो. काही रुपये भाडं होतं, तिथे लिफ्ट, पंप, वॉचमन यांचा मेंटेनन्स दर महिन्याला हजारांत येतो. मग लोक घर विकून मुंब्रा, कौसा, मीरा रोडला जातात. हातात रक्कम येते, पण चालत जायची नोकरी, गिऱ्हाईक आणि जे.जे.ची जवळीक जाते.

दाभोळमध्ये बसून काय बघायचं?

सगळ्यात मोठी गफलत विरासतीत होते. आपण समजतो, अब्बांच्या खोलीत सगळ्या भावाबहिणींचा शरियतप्रमाणे हिस्सा. पण राहत्या खोलीच्या भाडेकरीला कायदा वेगळा आहे. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी घरातला जो सदस्य त्याच्यासोबत राहत होता, हक्क त्याच्याकडे जातो. असा कोणी नसेल तरच वारस, आणि त्यांचं जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. गावी राहिलेला भाऊ, सासरी गेलेली बहीण इथेच मागे पडतात. खोलीत सगळ्यांचा पैसा गेला असेल तर हिश्श्याचं आपसात लेखी आजच करून ठेवा.

भाडेपावती, रेशनकार्ड, लाइटबिल एका फाइलीत ठेवा. ५१ टक्के भाडेकरूंची संमती झाली की प्रकल्प पुढे सरकतो, म्हणून इमारतीच्या मीटिंगला घरचं माणूस पाठवा. करारात चटईक्षेत्र, संक्रमण काळाचं भाडं, मुदत आणि कॉर्पस रक्कम आकड्यांत लिहिलेली हवी, आणि तो आपल्या वकिलाने वाचलेला हवा. पागडी हस्तांतरात रक्कम घेणं १९९९ च्या कायद्याने मान्य आहे. तेव्हा व्यवहार बँकेतून आणि पावतीवर करा.

खोली ठेवायची की विकायची, ते प्रत्येक घराने ठरवावं. पण विकण्याआधी एक हिशोब जरूर मांडा : आलेल्या रकमेत, पुढच्या पिढीच्या मुलीला मुंबईत शिकायला राहायची जागा मिळेल का?