व्यसनाची चिन्हे : घराच्या लक्षात काय यायला हवे?

तमिळनाडूतील मंजक्कुडी हे गाव पूर्वी अखंड तंजावर जिल्ह्यात मोडत असे. आता ते तिरुवारूर जिल्ह्यात आहे. चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशनने या गावात मद्यासक्त रुग्णांसाठी उपचार शिबिरे घेतली. संस्थापक शांती रंगनाथन यांनी त्या अनुभवाचा वृत्तांत १९९४ मध्ये ‘ॲडिक्शन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पतीचे मद्यासक्तीमुळे अकाली निधन झाल्यानंतर, १९८० मध्ये त्यांनी ही संस्था सुरू केली होती. गावातच उपचार व्हावेत आणि रुग्णाला कुटुंबाचा व ग्रामस्थांचा आधार मिळावा, हे या शिबिरांचे सूत्र होते.

मात्र आजार वेळीच ओळखला गेला, तरच उपचार सुरू होऊ शकतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, मद्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते.

वागण्यातील बदल

व्यसनाचे पहिले चिन्ह बहुधा नशा हे नसते, तर बदललेला दिनक्रम हे असते. कामावर किंवा महाविद्यालयात वारंवार गैरहजेरी, जुन्या मित्रांशी तुटलेला संपर्क, आवडीच्या गोष्टींबाबत अनास्था, क्षुल्लक कारणावरून संताप, खोटे बोलणे, उसनवारी आणि घरातील पैसे वा वस्तू नाहीशा होणे, ही चिन्हे एकत्र दिसू लागल्यास दुर्लक्ष करू नये. पूर्वीइतक्या प्रमाणात नशा न येणे, ठरवूनही थांबता न येणे आणि नुकसान दिसत असूनही सेवन सुरूच ठेवणे, ही अवलंबित्वाची प्रमुख लक्षणे मानली जातात.

शारीरिक लक्षणे

दारू न मिळाल्यास सकाळी हात थरथरणे, घाम येणे, झोप न लागणे आणि अस्वस्थता ही लक्षणे दिसतात. गांजाच्या सेवनाने डोळे लाल होतात. हेरॉइन किंवा ब्राउन शुगर घेतल्यास बाहुल्या अतिशय बारीक होतात आणि गुंगी येते. ते न मिळाल्यास नाक गळणे, सतत जांभया, अंगदुखी व जुलाब सुरू होतात. यांपैकी एखादेच लक्षण हा व्यसनाचा पुरावा ठरत नाही. नैराश्य, अन्य आजार किंवा पौगंडावस्थेतील बदलांमुळेही असे घडू शकते. त्यामुळे निदान डॉक्टरांवरच सोपवावे.

कुटुंबाने काय करावे?

‘कामाचा ताण आहे’, ‘वयच तसे आहे’ अशी समजूत घालून घेण्यात अनेकदा मोलाची वर्षे निघून जातात. लोकलज्जेपोटी साहेबांना आजारपणाचे निमित्त सांगणे किंवा प्रत्येक वेळी कर्ज फेडणे यामुळे परिणाम झाकले जातात आणि व्यसन सुरूच राहते. व्यक्ती शुद्धीवर असताना, चारचौघांत नव्हे तर एकांतात, आरोप न करता प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांविषयी बोलावे. मारहाण, कोंडून ठेवणे किंवा नकळत जेवणातून औषध देणे टाळावे. दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी काही औषधे मद्यासोबत पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते.

दीर्घकाळ भरपूर मद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास झटके किंवा भ्रम होण्याचा धोका असतो. म्हणून दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी. व्यक्ती हाकेला प्रतिसाद देत नसेल, श्वास मंदावला असेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मदत कोठे मिळेल?

सामाजिक न्याय मंत्रालयाच्या १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर व्यसनमुक्तीसंबंधी मार्गदर्शन मिळते. व्यक्ती स्वतः उपचारास तयार नसली तरी कुटुंबीय तेथे सल्ला घेऊ शकतात. महाराष्ट्रात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र याच क्षेत्रात कार्यरत आहे.

व्यसन हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे. त्यामुळे उपचारांनंतरही पाठपुरावा आवश्यक असतो आणि एखाद्या वेळी पाऊल घसरले म्हणून सारे प्रयत्न वाया गेले असे मानू नये. घरच्यांनी या आजाराकडे दोष म्हणून न पाहता आजार म्हणूनच पाहिले, तर उपचारांची वाट लवकर खुली होते.